मुशीवरची फुंकर

१

तापलेली मूस थेट काट्यावर ठेवायची नसते. हे मला पहिल्याच दिवशी वन्संनी शिकवलं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. घरात वन्सं, प्रयोगशाळेत मॅडम, आणि दोन्हीकडे माझ्या डोक्यावर त्याच, असं मी सगळ्यांना सांगायचे. त्यांच्यासमोरच सांगायचे आणि त्याही खळखळून हसायच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं, राहायला आमच्याचकडे होत्या. मला या नोकरीत आणलं तेही त्यांनीच.

आमचं काम पिठं तपासायचं. गिरण्यांमधून नमुने यायचे. मूस म्हणजे चिनी मातीची एवढीशी वाटी. तिच्यात थोडं पीठ घ्यायचं, भट्टीत ठेवायचं आणि सगळं जळून नुसती पांढरी राख उरेपर्यंत लाल तापवायचं. राख जास्त भरली तर समजायचं, पिठात कोंडा आहे, नाहीतर सरळ माती आहे. पण राख ती केवढी? नखावर मावेल इतकी. म्हणून मुशीचं स्वतःचं वजन आधी चौथ्या दशांशापर्यंत पक्कं हवं. रिकामी मूस तापवायची, गार करायची, वजन करायचं. पुन्हा तापवायची, पुन्हा गार, पुन्हा वजन. लागोपाठची दोन वजनं तंतोतंत जुळली की आम्ही म्हणायचो, "वजन बसलं."

गरम मुशीचं वजन कधी बसत नाही. तिच्याभोवतीची हवा तापते, वर चढते आणि चढता चढता तबकडीलाही जराशी उचलते. मूस असते त्याहून हलकी दिसते. म्हणून भट्टीतून चिमट्याने काढायची आणि डेसिकेटरमध्ये ठेवायची. हे जाड काचेचं, झाकणाचं भांडं असतं, तळाशी ओल शोषणारे निळे खडे. मूस गार झाली आणि झाकण सरकवलं की आत हवा शिरते, 'हुश्श' असा बारीक आवाज होतो. दिवसभरात मला सगळ्यात आवडायचा तो आवाज.

वजनाची खोली भट्टीच्या खोलीसमोर, मधे अरुंद बोळ. खोली कसली, कोठडीच ती. वारा नको म्हणून खिडकी नाही, पंखा नाही. एक दगडी ओटा, त्यावर काचेच्या पेटीत काटा, समोर एक स्टूल, कोपऱ्यात आणखी एक. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच. दार लावलं की भट्टीची घरघर भिंतीपलीकडे राहायची आणि आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटायला लागायचा.

२

वन्संची वजनं बसेनाशी झाली तेव्हा पहिल्यांदा कुणी फार मनावर घेतलं नाही. हवा दमट असेल, खडे जुने झाले असतील. त्यांनी खडे बदलले. मुशी बदलल्या. मग एका गिरणीच्या पिठाचे तीन वेळा तीन निकाल आले आणि गिरणीवाल्याने साहेबांच्या खोलीत जाऊन आवाज चढवला.

साहेब माणूस वाईट नव्हता. पोट मोठं, आवाज लहान, हातात कायम कॉफीचा मग. त्यांनी वन्संना बोलावून सांगितलं, "मॅडम, एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

"साहेब, नंबर ठीक आहे. आकडा स्पष्ट दिसतो, पण तो एका जागी राहत नाही."

"म्हणजे सरकतो? वर चढत जातो?"

"नाही. वर जातो, खाली येतो. थांबतो. पुन्हा वर जातो." आणि मग त्या नको ते बोलून गेल्या. "काटा श्वास घेतोय, साहेब."

झालं! चहाच्या टेबलावर आठवडाभर दुसरा विषय नाही. कुणी काट्याला खोकल्याचं औषध द्या म्हणालं, कुणी त्याची नाडी बघा म्हणालं. मीही हसले. न हसले असते तर जास्त विचित्र दिसलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. साहेबांनी वन्संना थोडे दिवस घरी आराम करायला सांगितलं. 'आराम' हा शब्द त्यांनी इतक्या जपून उच्चारला की वन्संना ऐकूनच रडू फुटलं.

घरी बाईची रयाच गेली. ज्या बाईच्या शब्दावर आमचं घर चालायचं ती आता गॅस बंद केला का हे मला विचारायला लागली. स्वतः बंद करून यायची आणि तरी विचारायची. पिशवीत किल्ली दिसत असताना किल्ली शोधायची.

"माझ्या डोळ्यांवर माझा विश्वासच नाही राहिला गं," त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. "ही कोथिंबीरच आहे ना?"

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टरांकडे नेऊ या तिला. डोक्याच्या."

"डोकं ठणठणीत आहे त्यांचं."

"मग काट्याचं बिघडलंय?"

वन्संच्या जागी आता त्या खोलीत मी बसत होते, आणि काटा अगदी सरळ चालत होता.

३

सरळ चालत होता तो पहिल्या काही दिवसांत. मग एका सकाळी मी डेसिकेटरचं झाकण सरकवलं, हुश्श झालं, चिमट्याने मूस उचलून तबकडीवर ठेवली, पेटीची काच लावली आणि आकडा बसायची वाट बघत राहिले.

आकडा दशांशाच्या शेवटच्या घरात चढला. तीन, चार, पाच. मी म्हटलं, अजून थोडी गरम असेल, गार होतेय, वजन वर जाणारच. मग तो उतरला. पाच, चार, तीन. आणि थांबला.

उतरायचं काही कारण नव्हतं.

पुन्हा चढला, पुन्हा उतरला. सावकाश, घाई नसल्यासारखा. मधला थांबा तेवढाच.

मी मनात यादी सुरू केली. रस्त्यावरून ट्रक गेला असेल. ट्रकने आकडा थरथरतो, असा डुलत नाही. भट्टीचा हादरा असेल. भट्टी तर कालही चालू होती. मग माझाच श्वास! मी पुढे वाकून बसले होते, नाक पेटीपासून वीतभर. अगदी हेच झालं असणार. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. वन्संनाही पुढे वाकून बसायची सवय. बिचाऱ्या!

मी उठून दाराला पाठ टेकून उभी राहिले आणि श्वास धरून ठेवला.

चढला. उतरला. थांबला.

माझी छाती भरून आली, कानांत धडधडायला लागलं, तरी मी श्वास सोडला नाही. आकडा आपल्या लयीत चालूच होता, आणि ती लय माझी नव्हती.

शेवटी मी मूस काढली आणि पितळी वजन ठेवलं. कधीच न तापलेलं, डबीतलं. आकडा खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. परत मूस ठेवली. चढला, उतरला. हळूहळू ते डुलणं बारीक होत गेलं. मूस पूर्ण गार झाली तेव्हा तेही थांबलं.

मी वजन टिपून घेतलं. अंगावर काटा येतो म्हणतात तो मला तेव्हा आला. कारण पेटी बंद होती, डेसिकेटरचं झाकण मी पुन्हा उघडलेलं नव्हतं, आणि माझ्या मागे, कोपऱ्यातल्या स्टुलाच्या बाजूला, 'हुश्श' झालं.

वळून पाहिलं. स्टूल होतं. स्टुलावर काही नव्हतं.

४

मी साहेबांना एवढंच सांगितलं की काटा एकदा दाखवून घेऊ या. त्यांनी काटेवाल्याला बोलावलं. हा माणूस गावोगावच्या प्रयोगशाळांमधले काटे दुरुस्त करत फिरायचा. अखंड बडबड करायचा आणि काट्यांना 'पेशंट' म्हणायचा.

"काय म्हणतोय पेशंट?" आल्या आल्या त्याने बॅग ओट्यावर ठेवली. "मॅडम, तुमच्या या खोलीत उकडून मरायला होत असेल नाही? अरे वा, इथे तर छान गारवा आहे."

त्याने काट्याचे पाय समतल केले, आतली धूळ फुंकली, आपली पितळी वजनं एकेक करून ठेवली. सगळी बरोबर. "ठणठणीत आहे हो. उगाच घाबरवलंत."

"आता ही ठेवून बघा," मी म्हटलं, आणि नुकती भट्टीतून काढून थोडी निववलेली मूस पुढे केली.

"गरम आहे. गरम मूस ठेवतात होय?"

"माहीत आहे. तरी ठेवा."

त्याने ठेवली. मी आकड्याकडे पाहिलंच नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो काहीतरी गमतीचं सांगत होता, त्याच्या मेहुण्याच्या स्कूटरबद्दल. वाक्य अर्ध्यावर राहिलं. ओठ उघडेच. मग त्याने आपला तळहात काटा आणि कोपऱ्यातलं स्टूल यांच्या मधोमध धरला, आपण दाराच्या फटीतून वारा येतो का बघतो तसा. क्षणभरच. झटकन हात मागे घेतला आणि पँटला पुसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काट्याला काही झालेलं नाही." बॅग भरताना त्याची वजनं डबीत नीट बसत नव्हती. "मी तसं लिहून देतो. काटा बरोबर आहे."

"पण तुम्ही पाहिलंत ना आत्ता?"

तो दारात थांबला. एवढ्या वेळात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला. "ताई, गरम वस्तू या खोलीत आणत जाऊ नका. आणि स्वतःही फार वेळ बसू नका."

चहा न घेता गेला. काटेवाला चहा न घेता गेल्याचं प्रयोगशाळेत कुणालाच आठवत नव्हतं.

त्याचा कागद मात्र आमच्यावरच उलटला. काटा बरोबर आहे, मुशी बरोबर आहेत, खडे नवे आहेत. मग चूक राहिली कुणाची? साहेब मला म्हणाले, "वाईट वाटतं, पण मॅडमना आता कायमचं घरी बसवावं लागेल. वरून विचारणा झालीय. शुक्रवारी मी तसं कळवतो."

५

घरी आले तेव्हा वन्सं गच्चीच्या दाराशी उन्हात बसल्या होत्या. अंगावर शाल. त्या दिवसांत त्या सारख्या उन्हातच बसायच्या.

मी चप्पल न काढताच म्हटलं, "वन्सं, शेवटच्या घरात. तीन, चार, पाच, आणि परत."

त्या ताठ बसल्या.

"मधे थांबतो?" त्यांनी विचारलं.

"थांबतो."

"पितळी वजन ठेवलं की?"

"ढिम्म हलत नाही."

त्यांनी शाल तोंडाला लावली. रडताहेत असं वाटून मी जवळ गेले, तर त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. "म्हणजे मी वेडी नाही," त्या म्हणाल्या. "अगं, मी वेडी नाही!" माझे दोन्ही हात धरून त्यांनी गदागदा हलवले. नवरा आतून धावत आला. आम्हा दोघींना तसं बघून त्याला वाटलं, आता घरात वेड्या दोन झाल्या.

पाणी प्यायल्यावर त्यांनी मला ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ते श्वास घेत नाही गं. ते फुंकर घालतं. पोराचा घास निववायला घालतात ना, तशी. मला सुरुवातीला भीती नाही वाटली. वाटलं, असेल काहीतरी, निववतंय बिचारं. मदतच करतंय."

"मग?"

"मग एक दिवस मूस लवकर गार झाली. आकडा थांबला. मी टिपून घ्यायला खाली वाकले." त्यांनी मानेवर, केसांच्या खाली, हात ठेवला. "खोलीत दुसरं काय गरम होतं? मीच ना."

माझा हात आपोआप माझ्या मानेकडे गेला.

"इतकं बरं वाटतं गं," त्या म्हणाल्या. "त्याचीच भीती आहे. उठावंसंच वाटत नाही. त्या दिवशी फोन वाजला म्हणून उठले. तेव्हापासून माझ्या अंगातली थंडी जात नाही."

मी त्यांची बोटं हातात घेतली. उन्हात बसूनही ती माठातल्या पाण्यासारखी होती.

६

"साहेबांनी स्वतः बघायला हवं," मी म्हटलं. वन्सं आधी नको नको म्हणाल्या, मग दुसऱ्या दिवशी नीट साडी नेसून माझ्या आधी दाराशी उभ्या राहिल्या. "दारातूनच बघेन," म्हणाल्या. "आत येणार नाही."

साहेब नाखुशीनेच आले, हातात कॉफी. वजनाच्या खोलीत खाणंपिणं चालत नाही हा नियम त्यांचाच, पण त्यांनी कॉफीचा मग ओट्यावर ठेवला आणि काट्यासमोरच्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या शेजारी उभी. वन्सं उंबऱ्यावर. भर दुपार होती, बोळात माणसांची ये-जा चालू होती, कुणीतरी बाटल्या धूत होतं. असल्या वेळी असलं काही घडतं का, असं मला वाटून गेलं.

मूस ठेवली. आकडा चढला, उतरला, थांबला. चढला.

"दार उघडं आहे म्हणून," साहेब म्हणाले. वन्सं मुकाट्याने आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या आत आल्या हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दार लागलेलं होतं.

चढला. उतरला. साहेबांनी चष्मा पुसला, परत लावला. पेटीवर बोटाने टिचकी मारली. हळूहळू डुलणं बारीक झालं आणि आकडा उभा राहिला. साहेबांनी मोठा सुस्कारा टाकला.

"बसलं की वजन! मॅडम, एवढंच होतं? थोडा धीर धरायचा..."

"साहेब, उठा," वन्सं म्हणाल्या.

मी कॉफीकडे बघत होते. मगातून वाफ सरळ वर चालली होती. ती वाकली. कोपऱ्यातल्या स्टुलाकडून आमच्या बाजूला वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. वर जमलेल्या सायीला एका कडेने बारीक सुरकुत्या पडल्या आणि साय दुसऱ्या कडेला जाऊन गोळा झाली. मग वाफच संपली. मी मगाला हात लावला. ओल्या दगडाला लावावा तसा वाटला.

"साहेब, उठा म्हणतेय ना!"

साहेबांच्या कानावरचे पांढरे केस हलत होते. हलत होते, थांबत होते. त्यांचे डोळे अर्धवट मिटले होते आणि तोंडावर, उन्हातून येऊन थंड पाणी प्यायल्यावर येतो तसा, समाधानाचा भाव होता.

आम्ही दोघींनी दोन दंडांना धरून ओढलं. एवढा अवजड देह, जागचा हलेना. "राहू द्या," ते पुटपुटले. "किती छान वाटतंय." त्यांचा हात माझ्या हातात होता. तो मगाहून गार होता. ओठांचा रंग बदलत चालला होता. आणि मला दिसलं की वन्संनीही ओढायचं थांबवलंय. त्या नुसत्या उभ्या होत्या, मान किंचित वाकवून.

गरम काय आहे ते शोधतं.

मी दार उघडून धावले. बोळ ओलांडला, भट्टीचं दार उघडलं, चिमटा घातला. लाल मूस बाहेर आली, इतकी लाल की तिच्या कडा दिसत नव्हत्या. ती समोर धरून मी परत त्या खोलीत शिरले आणि ओट्याच्या पार टोकाला, भिंतीशी, दगडावर ठेवली.

साहेबांनी पाण्यातून वर आल्यासारखा जोरात श्वास घेतला. वन्संनी मान वर केली. "ओढ!" त्या माझ्यावरच ओरडल्या, आणि आम्ही साहेबांना दारातून बाहेर लोटलं. तशातही सवयीने वन्संनी बाहेर पडताना खोलीतला दिवा मालवला. मी दार ओढून घेतलं.

आणि काचेतून आत पाहिलं. बघायला नको होतं, पण पाहिलं.

अंधारात मूस लाल होती. तिच्या एका अंगाला काळा ठिपका पडला. तो पसरला, थांबला, पुन्हा पसरला. उरलेली लाली समोरच्या कशावर तरी पडत होती. तिथे काही नव्हतं, ओटा तिथे संपत होता. पण उजेड कशावर तरी पडत होता. ओट्याच्या कडेला हनुवटी टेकवून कुणी खाली बसावं तेवढ्या उंचीवर, दोन गोल फुगीर भाग, चमकणारे. ते फुगले. बसले. फुगले.

मग 'टिक्' असा आवाज झाला, मूस तडकली, आणि आत काळोख झाला.

७

साहेबांना आम्ही भट्टीसमोर बसवलं, भट्टीचं दार सताड उघडं टाकून. वन्सं त्यांचे हात चोळत होत्या, मी पाय. बाटल्या धुणारे, नमुने चाळणारे सगळे गोळा झाले. कुणी डॉक्टरला फोन केला, कुणी कोट आणून अंगावर टाकला. बराच वेळ साहेब नुसते आगीकडे बघत राहिले. मग दात वाजायला लागले, इतके जोरात की वन्सं म्हणाल्या, "वाजू द्या, चांगलं आहे, वाजू द्या!" गालांवर रंग आला. कपाळावर घाम आला. तो घाम बघून मला जो आनंद झाला तसा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"माझी कॉफी आतच राहिली," साहेब म्हणाले.

वन्सं खाली बसल्या आणि हसत सुटल्या. मग मी. मग साहेबसुद्धा, कोट गुंडाळून, पोट हलवत.

डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब म्हणाले, धावपळ कमी करा म्हणाले. साहेब सगळ्यांना तेच सांगायला लागले, रक्तदाबाने चक्कर आली. आम्ही मान डोलावली. त्यांनी काय पाहिलं, त्यांना काय वाटलं, हे आम्ही विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. मी काचेतून पाहिलं ते मी फक्त वन्संना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं मी नाही पाहिलं."

पण शुक्रवारी साहेबांनी वर काही कळवलं नाही. त्याऐवजी वन्संना बोलावून समोर बसवलं, स्वतः उभे राहिले. "मॅडम, वजनाचं काम वरच्या मजल्यावर हलवायचं ठरवलंय. तिथे खिडकी आहे. थोडा वारा येईल, काचेची पेटी आहेच. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल की," वन्सं म्हणाल्या. "सोमवारपासून येते."

"उद्यापासून या," साहेब म्हणाले, आणि घाईघाईने जोडलं, "जमलं तर."

खालच्या खोलीची मागची भिंत गवंड्यांनी पाडली. ती मागच्या अंगणाकडे उघडी झाली आणि तिथे आता सायकली लावतात. मी एकदा मुद्दाम जाऊन उभी राहिले. ऊन, धूळ, सायकलच्या तेलाचा वास. बाकी काही नाही. सांगता येत नाही, पण मला तिथे आता काही वाटलं नाही.

८

वरच्या खोलीत वन्संनी पहिलं काम घेतलं ते त्या गिरणीवाल्याच्या पिठाचं. सकाळभर मुशी तापवल्या, निववल्या. मी शेजारी बसले होते, माझे हात घामेजले होते. त्यांचे नाही. पहिलं वजन झालं. पुन्हा तापवून, निववून दुसरं. दोन्ही शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. मग राखेचं. तेही तसंच. पीठ चोख निघालं. गिरणीवाला पेढेवाटप करायच्या बेतात होता, साहेबांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं.

दुपारी साहेबांनी आम्हाला लवकर सोडलं. नवऱ्याचा फोन आला, "ताईला विचार, रात्री काय करू जेवायला? आज मी करतो." वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला. "तू नको करूस. मागच्या वेळी केलंस तेव्हा कढई टाकून द्यावी लागली. आम्ही येतोय, कांदे तेवढे चिरून ठेव. बारीक. मागच्यासारखे फाळके नकोत!" तिकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ओरडा खाऊन एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नसेल. तो फोनवर हसत होता तो मलाही ऐकू आला.

बसस्टॉपवर सावली नव्हती. लोखंडी बाक सकाळपासून उन्हात तापलेला. वन्सं बोलण्याच्या नादात सरळ जाऊन हात टेकून बसल्या आणि ताडकन उठल्या. "आई गं! केवढा चटका!" बस बघत उभे असलेले दोन शाळामास्तर वळून बघायला लागले.

"भाजलं का?" मी विचारलं.

"भाजलं तर!" त्यांनी तळहात पाहिले. लालबुंद झाले होते. मी ते हातात घेतले. गरम होते, चांगले गरम. त्यांनी पर्स बाकावर आडवी टाकली, तिच्यावर जपून बसल्या आणि मलाही शेजारी ओढून बसवलं.

समोरून आमची बस आली. थांबली. मास्तर चढले. कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं.

वन्संनी त्याला हात हलवून नको म्हटलं. "जाऊ दे ही," त्या मला म्हणाल्या, आणि डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं. "मागून दुसरी येईलच."